ज्वारीच्या कोठीतला डीजे

मी ज्वारीखालून बोलतोय. आवाज दबका येत असेल तर सांभाळून घ्या. अंगावर वीतभर ज्वारी आहे, ज्वारीवर कडुलिंबाचा वाळका पाला आहे आणि सगळ्याच्या वर पत्र्याचं झाकण आहे. माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडला एका घराच्या मधल्या खोलीत ही कोठी उभी आहे. तिच्यात मला जुन्या गोधडीत गुंडाळून पुरून ठेवलंय.

मी डीजे आहे. लोक ज्याला डीजे म्हणतात तो ट्रॉलीवर चढवलेला भिंतीएवढा डबा मी नव्हे. त्या डब्यानं कधी काय वाजवायचं ते सांगणारा मी. दोन गोल चकत्या, मधे सरकपट्ट्या, दोन रांगा बटणांच्या आणि काही गोल कळा, एवढाच माझा संसार. दुकानात मला कंट्रोलर म्हणायचे. नव्यानं शिकणाऱ्या माणसासाठी बनवलेला, हलका, मांडीवर मावणारा. लहान आहे म्हणून मला कमी समजू नका. ज्वारीत ठेवण्याइतका तर मी खासच कमी नाही.

जन्म दूर परदेशातल्या कारखान्यात झाला. त्यातलं आठवण्यासारखं फार नाही. पट्ट्यावरून सरकलो, कुणाच्या तरी चपळ हातांनी मला तपासलं आणि लगेच खोक्यात घातलं. तेव्हापासून मला झाकणांचा राग आहे. खोक्यातून निघालो तो संभाजीनगरच्या एका दुकानाच्या फळीवर. दुकान सोमेश्वर नावाच्या माणसाचं. तिथं मी सात महिने बसून होतो.

फळीवरून माणसं चांगली कळतात. तरुण पोरं यायची, माझ्याकडं बघायचीसुद्धा नाहीत. "दिवे किती लागतात?" हा त्यांचा पहिला प्रश्न आणि "याच्याहून मोठं न्हाई का?" हा दुसरा. गाण्याबद्दल विचारणारा मी सात महिन्यांत एकही पाहिला नाही.

ज्येष्ठातल्या एका दुपारी मनिषा आली. तिशीतली बाई, दोन्ही हातांवर उसाच्या पानांनी कापल्याच्या बारीक रेघा, काखेत कापडी पिशवी. सोबत नवरा, परमेश्वर. सोमेश्वरनं सवयीनं नवऱ्यालाच विचारलं, "काय दाखवू भाऊ?"

"मला न्हाई, हिला दावा," परमेश्वर म्हणाला आणि जरा लाजूनच बाजूला सरकला.

सोमेश्वरनं आधी जुनं, वापरलेलं एक मोठं यंत्र पुढं केलं. चार बाजूंचं, दिवे लुकलुकणारं. परमेश्वरला ते बघताक्षणी आवडलं. त्यानं ते उचलून बघितलं आणि वजन पाहून खूश झाला. मनिषानं मात्र हात लावला नाही. तिनं विचारलं, "यात पुढचं गाणं आधी आपल्या कानात ऐकता येतं का? लोकाला ऐकू न जाता?"

सोमेश्वरनं चहाचा कप खाली ठेवला. "ताई, हे इथं कुणी विचारत नाही."

"मी लग्नात बघितलंय. वाजवणारा एका कानाला लावून आधी ऐकतो, मग सोडतो. तसं न्हाई केलं तर मधीच कायबी लागतं, आन् नाचणाऱ्या बाया खाली बसतात."

त्या मोठ्या यंत्राची कानात ऐकायची जागा बिघडलेली होती, सोमेश्वरनं ते खरंखरं सांगितलं. मग एक पडदावालं दाखवलं. त्याला लॅपटॉप लागत नव्हता, स्वतःच्या जिवावर चालणारं होतं, पण ते उचलायला दोन माणसं लागत होती आणि ते घ्यायचं तर घर विकावं लागलं असतं. शेवटी सोमेश्वरचा हात माझ्याकडं आला.

"शिकायला दोन बाजू बस झाल्या," तो म्हणाला. "एका बाजूला वाजतंय, दुसऱ्या बाजूला पुढचं तयार होतंय. एवढं हाताला बसलं की मग मोठ्याचं बघा. आधीच मोठं घेऊन बसलात तर दिवे बघण्यात वर्ष जाईल. कानात ऐकायची सोय आहे. पिशवीत बसतो. फक्त हा लॅपटॉपशिवाय मुका आहे. घरी लॅपटॉप आहे ना?"

मनिषा काही बोलायच्या आत परमेश्वर म्हणाला, "हाय की."

नव्हता. पण दुकानात चार माणसांसमोर 'न्हाई' म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. मनिषानं त्याच्याकडं एकदा पाहिलं, यानं कुठं तरी सोय बघितली असेल असं धरलं आणि पिशवीचं तोंड उघडलं. दोन शेळ्या विकून ती आली होती, तिच्या स्वतःच्या, करडं असल्यापासून वाढवलेल्या.

एसटीत मी तिच्या मांडीवर होतो. तिथं मला सगळं कळलं. ही दोघं ऊसतोडीला जाणारी. दिवाळी झाली की गाव सोडायचं आणि सांगलीकडच्या फडात सहा महिने ऊस तोडायचा. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एकटा माणूस अर्धा कोयता, त्याला मुकादम उभं करत नाही. मनिषा लग्न झाल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, दुसरा अर्धा कोयता होती. मुलगी बीडला वसतिगृहात शिकत होती. मनिषाची मान आता रात्रंदिवस दुखायची.

मी तिच्या डोक्यात कसा शिरलो तेही तिनं नवऱ्याला सांगितलं. चौसाळ्याला बहिणीच्या लेकीची हळद होती. डीजे लावलेला, वाजवणारे पुरुष, आणि ट्रॉलीवर अन् भोवती गावातली सगळी पोरं चढलेली. नवरीच्या मावश्यांनी एक गाणं मागितलं तर वाजवणारा हसला आणि भलतंच लावलं. बाया तोंडाला पदर लावून मागं जाऊन बसल्या. हळद त्यांची, अन् नाचले दुसरेच.

"बायांच्या हळदीला वाजवणारी बाईच पायजे," मनिषा म्हणाली. "दार लावून घ्यायचं, आन् मग नाचू द्यायचं. हे काम मी करते. मला मोळी न्हाई उचलायची आता."

परमेश्वर खिडकीबाहेर बघत बसला. माणूस वाईट नाही, पण एकदम हो म्हणायची त्याला सवय नाही. माजलगाव मागं पडल्यावर तो म्हणाला, "दसऱ्याला मुकादम नावं घेतो. तवर लग्नातल्या दोन सुपाऱ्या घेऊन दाव. मंग तू बस घरी, मी जोडीला दुसरं माणूस बघतो. न्हाई मिळाल्या तर गुमान फडात यायचं."

"दाविते," मनिषा म्हणाली आणि माझ्यावर हात ठेवला. मीही मनात म्हणालो, दावू.

घरी सासू होती, बायनाबाई. साठीला आलेली, कोरडी, काटक, फार न बोलणारी. तिचा नवरा जाऊन वर्षं झाली होती. सुनेनं ठरलेलं सगळं सांगितलं. बायनाबाईनं ते ऐकलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि चुलीकडं वळली. ते मोजणं माझ्या लक्षात राहिलं.

पहिल्या दिवसाची लाज मी कधी विसरणार नाही. बायनाबाईनं मला पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलं. गल्ली जमली. परमेश्वरनं भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर आणला, माझी वायर त्यात खोचली आणि मनिषानं बटण दाबलं. मी गप्प. दुसरं दाबलं. गप्पच. माझ्यात गाणं नसतं हो, गाणं लॅपटॉपात असतं, मी नुसता हात. पण हे सांगायला मला तोंड कुठलं?

"मुकं दिलं गळ्यात बांधून," एक म्हातारा म्हणाला. लोक पांगले. मनिषा माझ्याजवळ बसून राहिली. परमेश्वर भिंतीला टेकून पायाच्या नखाकडं बघत होता. "त्यो लॅपटॉप म्हणलेला," तो हळूच म्हणाला, "मला वाटलं नसला तरी चालतं."

मार्ग काढला संस्कृतीनं. ही परमेश्वरच्या चुलत भावाची मुलगी, शेजारच्याच घरात राहणारी, माजलगावला कॉलेजात जाणारी. तिच्याकडं लॅपटॉप होता. रविवारी ती तो घेऊन आली, माझ्या खोक्यातल्या कागदावरून तिनं त्यात काय काय भरलं आणि वायर जोडली. माझे दिवे लागले. पहिलं गाणं निघालं तेव्हा कोंबड्या ओट्यावरून उडाल्या आणि मनिषा खाली मांडी घालून बसली ती दुपारपर्यंत उठली नाही.

शिकायला तिला वेळ लागला, खोटं कशाला बोलू. वाजतं गाणं आणि येणारं गाणं यांची चाल जुळवायची असते. चाल जुळली नाही की दोन्ही गाणी एकमेकांच्या पायात पाय घालतात. संस्कृती आकडे दाखवून समजावायची, मनिषाला आकड्यांतून काही कळायचं नाही. एक दिवस तीच म्हणाली, "हे म्हंजे शेजारच्या जोडीच्या बरोबरीनं उसाच्या रांगेची पात धरणं हाय. त्यो पुढं गेला तर आपण जरा हात उचलायचा, मागं पडला तर जरा दमानं." झालं. त्या दिवसापासून तिचा हात माझ्या चकतीवर असा बसला की मला स्वतःचाच हेवा वाटला. आषाढभर ती रोज दुपारी बसायची. मी इतका सुखात कधीच नव्हतो.

आणि मग संस्कृतीनं सहज विचारलं, "काकू, आता लग्नं कुठंयत?"

मनिषाचा हात चकतीवर थांबला. भिंतीवर दिनदर्शिका होती. ती उठून तिच्यासमोर उभी राहिली. आषाढी एकादशी झाली की लग्नं बंद, ती तुळशीचं लग्न लागेपर्यंत. दसऱ्यापर्यंत एकही तिथी नाही. उरल्यासुरल्या तिथ्या शिकण्यात गेल्या, आणि ज्या महिन्यांत दोन हळदी मिळवायच्या होत्या त्या महिन्यांत हळदच नसते.

तुम्ही म्हणाल, हे गावातल्या माणसांना कळू नये? गावात राहणाऱ्यांना कळतं. ही माणसं तुळशीचं लग्न फडात असताना लावतात. तिथं लग्नाच्या तिथ्या कोण बघतो? परत येतात ती उन्हाळ्यात, तेव्हा गावात रोज एक लग्न असतं. बारा वर्षं त्यांनी लग्नसराई म्हणजे फक्त उन्हाळाच पाहिला. परमेश्वर म्हणाला, "आईशप्पथ, माज्या ध्यानातच न्हाई आलं." ते खरं होतं. पण शब्द दिला गेला होता, आणि मनिषा दिलेल्या शब्दाची बाई.

तरी तिनं हात सोडले नाहीत. श्रावणात गल्लीतच एक डोहाळजेवण होतं, तिथं आम्ही पहिल्यांदा वाजवलं. लग्न नव्हतं, त्यामुळे कबुलीत धरता येणार नव्हतं, पण वाजवलं. दार लावून घेतलं. आत तीस-चाळीस बाया. आधी सगळ्या लाजत उभ्या. मग एकीनं पदर खोचला, मग दुसरीनं. गुडघे दुखतात म्हणून भिंतीला बसलेली म्हातारीही उठली. मला एवढी माणसं एवढी खूश झालेली त्याआधी माहीत नव्हती.

बायनाबाई आत नव्हती. विधवा बाईनं डोहाळजेवणात, हळदीत पुढं यायचं नाही, अशी इकडची रीत. ती बाहेर उंबऱ्यावर बसली होती, दाराकडं पाठ करून. पोरं डोकवायला आली की तिचा आवाज यायचा, "आत बाया हायत. व्हा पुढं." सगळा वेळ तिनं दार राखलं.

गणपतीत माझ्यावर वाईट दिवस आले. मनिषा बाजाराला गेली असताना मंडळाची पोरं आली. "आजी, देवाचं काम हाय," म्हणाली. देवाचं नाव घेतल्यावर बायनाबाईला नाही म्हणवेना. पाच दिवसांनी मी परत आलो तो सांध्यासांध्यात गुलाल घेऊन, आवाजाची एक कळ गमावून. मनिषा सासूला एक शब्द बोलली नाही. दात घासायच्या जुन्या ब्रशनं तिनं मला दोन दिवस साफ केलं आणि कळीच्या जागी औषधाच्या बाटलीचं लाल झाकण बसवलं. ते अजून आहे. पण त्या दिवसापासून तिनं मला सासूच्या नजरेआड ठेवायला सुरुवात केली.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. बायनाबाईनं पाटावर कोयता ठेवला आणि मनिषाकडून मला मागून घेऊन शेजारी ठेवलं. दोघांना सारखंच हळदकुंकू लावलं. कोयता माझ्याकडं बघतोय असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मुकादम आला, आणि परमेश्वरनं दोन नावं सांगितली.

सुपारी आली ती भाऊबीजेला, उशिरा का होईना. तलवाड्याच्या सावित्रीबाई त्या डोहाळजेवणाला पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांच्या लेकीची हळद मार्गशीर्षात होती. नारळ आणि सुपारी मनिषाच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "माझ्या घरी चाळीस वर्षांत बाया मोकळ्या नाचल्या न्हाईत. तू यायचं. दुसरं कुणी मी बघणार न्हाई." मनिषानं सुपारी घेतली.

"कावून घेतली?" परमेश्वरनं विचारलं. "आपण तवा फडात असू."

"दोन दिवसांसाठी येते. मुकादमाला विचारते."

निघायच्या दिवशी तिनं मला गोधडीत गुंडाळलं, ती सुपारीही माझ्याबरोबर ठेवली आणि कोठीत उतरवलं. नवी ज्वारी फाल्गुनात येणार, त्यामुळे कोठी तशी तळालाच होती. तिनं मला हातानं खोल सारलं आणि वर ज्वारी ओढली. "आत्याबाईंना सांगू नको," ती सासूबद्दल संस्कृतीला म्हणाली. "कुणी मागितलं तर त्यांना न्हाई म्हणवत न्हाई." मग झाकण. मग बाहेर ट्रॅक्टरचा आवाज, आणि तोही गेला.

अंधार काय असतो ते मला माहीत होतं, पण हा निराळा. खोक्यात निदान उघडणार असल्याची आशा असते. इथं वरून भार, कडेनं भार, गोधडीच्या फटीतून दाणे शिरतात. एक दाणा माझ्या मधल्या सरकपट्टीच्या खाचेत जाऊन बसलाय. किडे माझ्या बटणांवरून चालतात आणि त्यांना मी काय आहे त्याचं काही पडलेलं नाही. मी वाजू शकत नाही, हलू शकत नाही, ओरडलो तरी मुका. ज्या बाईच्या हातात मी बोललो, तीच मला पुरून गेली. मला तिचा राग आला, सरळ सांगतो. मग आठवलं की तीही कुठंतरी उसात आहे, डोक्यावर मोळी घेऊन. मग राग कुणावर धरायचा ते समजेना.

दिवस मोजायला एकच साधन होतं. कोठीला खाली छोटं तोंड असतं, हात जाईल एवढं. रोज सकाळी बायनाबाई ते उघडून ज्वारी काढायची, मापटं भरून. स्वतःच्या भाकरीला, कोंबड्यांना, थोडी संस्कृतीच्या घरी. खालून ज्वारी गेली की वरून मी तेवढाच खाली यायचो. एक मापटं म्हणजे एक दिवस. हळदीला पस्तीस मापटी होती, मनिषानं जाताना संस्कृतीला दिवस सांगितले होते ते मी ऐकलं होतं. मी मोजत गेलो आणि खाली खाली सरकत गेलो.

एकोणतिसाव्या मापट्याला संस्कृती खोलीत आली. फोनवर बोलत होती. "काकू, मग काय करायचं?" मग फोन ठेवून ती बायनाबाईला म्हणाली, "आजी, मुकादम सोडत न्हाई काकूला. जोडीला माणूस दे आन् जा म्हणतो. दोन दिवसांसाठी माणूस कुठून आणायचं? आता नारळ-सुपारी तलवाड्याला परत द्यावी लागंल." तिनं फोन ओढणीनं पुसला. "एकदा परत गेली की काकूला परत कुणी बोलवायचं न्हाई."

बायनाबाई खाली वाकली. मापटं भरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी खालचं तोंड उघडलं, हात आत आला, आणि ज्वारीऐवजी गोधडीला लागला. मी तळाशी पोचलो होतो. हात थांबला. बोटांनी गोधडी बाजूला केली, माझी कड चाचपली, चकती चाचपली, बाटलीच्या झाकणाची कळ चाचपली. त्या एवढ्या तोंडातून हात येत होता, पण मी बाहेर जाऊ शकत नव्हतो.

"इथं ठिवलं व्हय," बायनाबाई म्हणाली. "माज्यापासून लपवून."

ती कोठीला टेकून खाली बसली. तिचा हात आतच होता, माझ्यावर. मग ती बोलायला लागली, म्हाताऱ्या बाया कोंबड्यांशी बोलतात तशी, कुणी ऐकतंय म्हणून नव्हे.

"चुकलं न्हाई पोरीचं. मी तिला सांगायला पायजे होतं. दसऱ्यापतोर लग्नं नसतात हे मला त्याच दिवशी कळलं होतं. बोटावर मोजलं मी. मी आता बारमाही घरीच ऱ्हाते, मला न्हाई कळणार? पण म्हणलं, ही घरी बसली तर लेकाचा कोयता अर्धा ऱ्हाईल. म्हणून गप बसले. बारा वर्षं ती माज्या लेकाबरोबर मोळ्या उचलती, आन् मी एक शब्द बोलले न्हाई." ती थांबली. "मी बी उचलल्यात. वीस वर्षं. मान कशी दुखती ते मला ठाव हाय."

तिनं हात काढून घेतला आणि कोठीचं तोंड बंद केलं. मला वाटलं, झालं.

तासाभरात घरात धावपळ ऐकू आली. गावातला हरिबा टेम्पो घेऊन परमेश्वर-मनिषाच्या टोळीकडं निघाला होता, तोडणाऱ्यांचं सामान पोचवायला. बायनाबाईनं त्याला थांबवलं होतं.

"आजी, तुमी?" संस्कृती ओरडलीच. "तुमाला झेपंल का?"

"दोन माणसं लागतात ना कोयत्याला? मी हाय की. तिला हरिबा ह्याच टेम्पोनं परत आणंल. शेळ्या-कोंबड्या तुझ्याकडं. चावी तुझ्याकडं."

"आन् हळद झाल्यावर?"

"हळद झाल्यावर लगीनसराई लागती, पोरी. एक झाली की दुसरी येईल. तिला कशाला परत पाठवती? मी बसते गुडीपाडव्यापतोर तिकडं."

हरिबा म्हणाला, "काकी, थंडी लई हाय तिकडं." बायनाबाई म्हणाली, "तू टेम्पो चालू कर."

निघताना ती एकदा खोलीत आली. कोठीवर हात मारून म्हणाली, "नीट वाज रे." मग दार ओढल्याचा आवाज आला आणि बाहेरून कुलूप लागलं.

आता घरात कुणी नाही. मापटं बंद झालं, त्यामुळे किती दिवस गेले तेही मला कळत नाही. हळद झाली का राहिली, मनिषा निघाली का अडली, काही कळायला मार्ग नाही. मी तळाशी आहे, याच्या खाली जायला जागा नाही. माझ्या खाचेतला दाणा तसाच आहे. आयुष्यात इतका अडकलेला मी कधीच नव्हतो, आणि पहिल्यांदाच मला स्वतःपेक्षा दुसऱ्या कुणाची जास्त काळजी वाटतेय. म्हातारीनं मोळी उचलली असेल का आज?

कुलूप वाजलं.

थांबा, खरंच वाजलं. पावलं आली. स्टूल ओढल्याचा आवाज झाला. वरचं झाकण निघालं, आणि उजेड ज्वारीतून गाळून माझ्यापर्यंत आला. दोन हात आले, रेघारेघांचे, तेच.

आता मी पिशवीतून बोलतोय. जीप तलवाड्याच्या रस्त्याला आहे. मनिषाच्या मांडीवर मी, संस्कृतीच्या मांडीवर लॅपटॉप. निघण्याआधी मनिषानं शिवणाच्या सुईनं खाचेतला दाणा काढला, फुंकर मारून पट्टी दोनदा सरकवून बघितली आणि सुपारी कमरेला खोचली. तोवर ती ठीक होती. मग संस्कृतीनं विचारलं, "आजी कशी हाय?" आणि मनिषा माझ्यावर वाकून रडली.

"मी टेम्पोत चढत न्हवते," ती म्हणाली. "म्हणलं, आत्याबाई, मला तुमच्या डोक्यावर मोळी ठिवून जायचं न्हाई. तर म्हणल्या, मला तू काय द्यायचं न्हाईस. पाडव्याला आले की एक दिवस घराचं दार लाव आन् माज्यासाठी वाजव. मी कवा आत बसून ऐकलंच न्हाई."

मी सुटलो, आणि माझ्या सुटकेपायी एक म्हातारी बाई उसात अडकली. हे मला टोचतंय आणि टोचत राहील. आज तलवाड्यात मी माझ्या जिवाच्या पलीकडं वाजेन. सावित्रीबाईंच्या बाया नाचतील, दार बंद असेल, आणि मनिषा कानाला लावून पुढचं गाणं आधी ऐकेल.

तुम्हांला माझी एकच विनंती, आणि ती मनिषापर्यंत पोचवा, मला तोंड नाही. पाडव्याला बायनाबाई येईल, त्या दिवशी तिला आत घ्या, मधोमध बसवा, कुणी काही म्हणालं तरी. आणि बाहेर उंबऱ्यावर, दाराकडं पाठ करून, परमेश्वरला बसवा.